तारेखालच्या माणसाला विचारणार कोण?

जुईनगर स्टेशनवर उतरावे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कोणत्याही दिशेने तासभर चालावे, डोक्यावर कुठे ना कुठे हायटेन्शनच्या तारा आडव्या येतातच. कारखान्यांच्या पाठीमागून, डोंगराच्या कडेने, वस्त्यांच्या अंगावरून हे लोखंडी मनोरे रांगेने गेले आहेत. पावसाळ्यात त्या तारांची चरचर ऐकत माणसे झोपतात, पोरे मनोऱ्याच्या पायात क्रिकेट खेळतात, बाया तिथेच कपडे वाळत घालतात. हा मनोरा इथे कोणी उभा केला, कोणाला विचारून केला आणि या तारांतून वाहणारी वीज जाते कुठे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. त्यांनाही ते विचारावेसे वाटलेले नाही, कारण विचारायचे असते हेच कोणी शिकवलेले नाही.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की मुंबई आणि नवी मुंबईची विजेची भूक वाढतच चालली आहे. ऐरोली, रबाळे, महापे या भागात डेटा सेंटर नावाचे नवे कारखाने आले. त्यांत माणसे थोडी आणि वीज प्रचंड लागते. ही वीज येणार बाहेरून, तारांवरून. म्हणजे नवे मनोरे येणार, नवे मार्ग आखले जाणार, जुन्या वाहिन्यांची क्षमता वाढवली जाणार. ऑक्टोबर 2023 मध्ये खारघर ते विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी सुरू झाली. ठाणे खाडी ओलांडून मुंबईत आणखी सुमारे हजार मेगावॅट वीज नेता यावी म्हणून ती बांधली गेली. निविदेने हे काम अदानी समूहाच्या कंपनीकडे गेले. हीच काय ती शेवटची वाहिनी, असे कोणी समजू नये.

ही वाहिनी हवी होती का? होय, हवी होती. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, तो दिवस आठवा. कळवा-पडघे पट्ट्यातल्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या वाटा अपुऱ्या पडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचे दिवस होते. ज्यांच्या इमारतीत जनरेटर होता त्यांचा फारसा खोळंबा झाला नाही. खोळंबला तो लोकलने कामावर निघालेला कामगार, वस्तीतला पिठाच्या गिरणीवाला, शिलाई मशीनवर पोट भरणारी बाई. तेव्हा वीजवाहिनीला आंधळा विरोध करणे हे आंबेडकरी चळवळीचे काम असू शकत नाही. अंधाराचा सगळ्यात जास्त त्रास आपल्याच माणसाला होतो.

आणि आपण विरोध करणार तरी कोणत्या तोंडाने? या देशाच्या वीज धोरणाचा पाया ज्यांनी घातला त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रभागी आहेत. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. मजूर खाते म्हटले की कामाचे तास आणि प्रसूतीची रजा एवढेच आपल्याकडच्या वक्त्यांना आठवते. वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्याच खात्याकडे होते, हे जयंतीच्या व्यासपीठावर फार क्वचित सांगितले जाते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी युद्धानंतरच्या वीज विकासाविषयीच्या धोरण समितीपुढे बाबासाहेबांनी भाषण केले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, असे मुळातले प्रश्न त्यांनी तिथे उभे केले. दारिद्र्याच्या चक्रातून सुटायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज हवी, अशी त्यांची मांडणी होती. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार आला तोही याच काळात. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी त्यांनी घटनेच्या कलमांच्या भाषेतच मांडली.

बाबासाहेबांना वीज कशासाठी हवी होती हे यातून स्पष्ट होते. ती माणसासाठी हवी होती. आज वीज येते आणि तिच्या मार्गातला माणूस हिशेबातून गळतो. आमचा झगडा आहे तो याच्याशी.

आता वाहिनीचा मार्ग ठरतो कसा ते पाहू. हे थोडे किचकट आहे, पण कार्यकर्त्यांनी नेटाने वाचावे, कारण सगळी मेख याच्यातच आहे. राज्यात कुठे किती वीज लागणार याचा अंदाज घेऊन पारेषणाचा आराखडा तयार होतो. ही जबाबदारी राज्य पारेषण यंत्रणा म्हणून महापारेषणची. हा आराखडा अभियंत्यांच्या भाषेत असतो आणि अभियंतेच तो वाचतात. मोठे काम असेल तर निविदा निघते. बोली लावणाऱ्यांना एक ढोबळ मार्ग दिलेला असतो. बोली जिंकणारी कंपनी मग पारेषणाच्या परवान्यासाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे जाते. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 15 प्रमाणे परवान्याच्या अर्जाची जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. लोकांना विचारण्याची जागा म्हणतात ती एवढीच! तीसुद्धा कधी येते? आराखडा झाल्यावर, निविदा निघाल्यावर, कंपनी ठरल्यावर. लग्न लागल्यावर मुलीची पसंती विचारावी, त्यातलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, पर्यावरणाची जनसुनावणी असतेच की! नसते. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत वीजवाहिन्याच नाहीत. औष्णिक केंद्राला जनसुनावणी लागते, पण त्या केंद्रातून निघून शेकडो गावांवरून जाणाऱ्या तारांना लागत नाही. जंगलातून वाहिनी जायची तर वनखात्याची परवानगी लागते. पण वनहक्क कायद्याप्रमाणे लागणाऱ्या ग्रामसभेच्या संमतीतूनही रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना केंद्राने फेब्रुवारी 2013 मध्ये सवलत दिली. अपवाद राहिला तो अतिमागास आदिम जमातींच्या हक्कांचा. म्हणजे पाड्यावरच्या आदिवासीला कायद्याने दिलेला एक आवाज एका परिपत्रकाने काढून घेतला.

खाडीकाठची कथा आणखी विचित्र आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या रक्षणासाठी महत्त्वाचा निकाल दिला. तेव्हापासून सार्वजनिक कामासाठीसुद्धा कांदळवन तोडायचे तर न्यायालयाची परवानगी काढावी लागते. किती झाडे तोडणार, का तोडणार, त्यांच्या बदल्यात किती लावणार, हे तिथे तपासले जाते. निकाल चांगला आहे, आम्ही त्याचे स्वागतच करतो. कांदळवन गेले तर खाडीत मासा राहणार नाही आणि कोळी बांधवांची चूल विझेल. पण कांदळवनाच्या झाडाला जी सुनावणी मिळते, ती त्याच खाडीच्या काठावरच्या झोपडीतल्या माणसाला का मिळू नये?

आता ज्या जमिनीवर मनोरा उभा राहतो तिच्याकडे वळू. विद्युत कायद्याखाली 2006 मध्ये केंद्राने केलेल्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. कोणाच्या जमिनीवर किंवा घरावरून काम करायचे तर परवानाधारकाने मालकाची ‘किंवा कब्जेदाराची’ आधी संमती घ्यायची. ती मिळाली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे. कब्जेदार हा शब्द कार्यकर्त्यांनी लाल शाईने अधोरेखित करून ठेवावा. ज्याच्या नावावर जमीन नाही, पण जो ती कसतो, तिथे राहतो, त्याचीही कायद्याने दखल घेतलेली आहे. मग अडचण कुठे येते? अडचण येते कलम 164 मध्ये. या कलमाखाली सरकार वीजकंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकते. एकदा ते अधिकार मिळाले की संमतीची अट गळून पडते. 1857 चा उठाव मोडून काढल्यानंतर देशभर तारायंत्र पसरवणाऱ्या इंग्रज सरकारचा हा कायदा! 2023 मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, तरी वीजवाहिन्यांच्या कामापुरता त्याचा तिसरा भाग जिवंत ठेवण्यात आला. इंग्रज गेले, तारायंत्रे गेली, कडकट्टचा आवाजही गेला, पण रयतेच्या जमिनीत न विचारता खांब रोवण्याचा अधिकार तेवढा राहिला.

गंमत पाहा, त्या परकीय सरकारच्या कायद्यातसुद्धा कलम 10 मध्ये तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत. तारेच्या मालकाला जमिनीचा फक्त वापर मिळतो, मालकी मिळत नाही. काम करताना नुकसान शक्य तितके कमी करायचे. आणि ज्यांचे ज्यांचे नुकसान होईल त्या सर्व हितसंबंधित व्यक्तींना पूर्ण भरपाई द्यायची. सर्व हितसंबंधित व्यक्तींना! फक्त सातबाऱ्यावरच्या खातेदाराला असे इंग्रजानेही म्हटलेले नाही. भरपाई अपुरी वाटली तर कलम 16 प्रमाणे जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते.

मग आपल्या लोकशाही सरकारांनी काय केले? भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे काढली. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये मनोऱ्याच्या चार पायांमधल्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15 टक्के भरपाई ठरवली. जून 2024 मध्ये ती वाढवून मनोऱ्याखालच्या जागेला किमतीच्या दुप्पट आणि पट्ट्याला 30 टक्के केली. मार्च 2025 मध्ये महानगरांतल्या पट्ट्यासाठी हा दर 60 टक्क्यांपर्यंत नेला. शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, मनोऱ्यांची कामे अडवली, तेव्हा हे पदरात पडले. त्यांच्या लढ्याला आमचा सलाम आहे. पण हे सगळे माप कशाचे आहे? जमिनीच्या किमतीचे. ज्याच्या नावावर जमीन त्याला किंमत. ज्याच्या नावावर काही नाही त्याची किंमत शून्य. ‘सर्व हितसंबंधित व्यक्ती’ या शब्दांचा संकोच होत होत त्याचा सातबारा झाला.

या महाराष्ट्रात सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या नावावर नाही, हे आंबेडकरी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. 1958 च्या कायद्याने महार वतने गेली आणि वतनी जमिनी अटी-शर्तींवर परत मिळाल्या. किती जणांच्या हातात त्या राहिल्या, किती सावकाराकडे आणि गावपुढाऱ्याकडे गेल्या, हे प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1964 च्या डिसेंबरात भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला, तुरुंग भरले. त्यानंतर गायरानावर घाम गाळून आमच्या माणसाने काळी जमीन पिकवली. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची गायरान अतिक्रमणे नियमित करायचे ठरले, पण अंमलबजावणी तलाठ्याच्या कपाटातून फार थोड्यांपर्यंत पोहोचली. अशा गायरानात मनोरा उभा राहिला तर सरकारी जमीन म्हणून कंपनीचा मार्ग सोपा होतो. हरकत घ्यायला मालक नाही, कोर्टात जायला खातेदार नाही. नकाशावर मार्ग आखणाऱ्याची पेन्सिल आपोआप अशाच जमिनीकडे वळते. यात कोणाचा द्वेष असेलच असे नाही, पण परिणाम तोच. सवर्ण वस्तीला वळसा आणि गायरानावरून सरळ रेषा.

वीज आणि सातबारा यांचे हे नाते जुने आहे. 1915 मध्ये खोपोलीहून टाटांची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्या विजेवर फिरणाऱ्या मागांच्या खात्यात आमच्या माणसाला प्रवेश नव्हता, कारण बॉबिनवरचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. पुढे 1921 मध्ये मुळशीचा सत्याग्रह पेटला. मुंबईला वीज देण्यासाठी मुळशी खोऱ्यातली गावे बुडणार होती. सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी जोडले गेले ते योग्यच आहे. पण त्या खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या आणि कसणारा मावळा कूळ होता. शेवटी सावकाराने भरपाईचा भाव करून घेतला आणि कुळाच्या हाती विस्थापन आले. 1927 मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याला शंभर वर्षे होत आली, तरी मोबदला मोजण्याची पट्टी बदललेली नाही.

नवी मुंबई तर याच पट्टीवर उभी राहिली. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरणच्या 95 गावांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी लढले, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच हुतात्मे झाले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. रक्त सांडून मिळवलेला तो हक्क होता. पण तोही संपादित जमिनीच्या मापात होता. मराठवाड्यातून, विदर्भातून, दुष्काळाने हाकललेला जो दलित, भटका, मुसलमान कामगार ही नवी मुंबई बांधायला आला, रस्ते खणले, केबल टाकले, खडीच्या खाणीत राबला, त्याच्या वाट्याला कुठली टक्केवारी? त्याला मिळाली ती डोंगराची कडा, नाल्याचा काठ आणि हायटेन्शनखालची मोकळी जागा. ती जागा मोकळी का होती? कारण इतर कोणाला तिथे घर बांधू देत नव्हते.

इथे आमचे टीकाकार लगेच म्हणतील, झोपड्या तर तारांनंतर आल्या, मग तक्रार कसली? काही ठिकाणी हे खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. 400 केव्हीच्या वाहिनीला 46 मीटर रुंदीचा पट्टा लागतो, 220 केव्हीला 35 मीटर. म्हणजे 400 केव्हीच्या एका किलोमीटरला 4.6 हेक्टर, साधारण सव्वाअकरा एकर जागा. अंतराचे नियम जीव वाचवण्यासाठी आहेत आणि तारांखाली पत्र्यावर पत्रा चढवून दुसरा मजला उभारणे म्हणजे मरणाला आमंत्रण आहे, हे आपल्या वस्तीत आपणच ठणकावून सांगितले पाहिजे. पण ज्या शहराने सव्वाअकरा एकरांच्या पट्ट्याची आखणी केली, त्याच शहराने त्याच नकाशावर मजुराच्या घरासाठी एक एकर का आखला नाही? तारेची जागा नियोजनात बसते आणि तार ओढणाऱ्याची बसत नाही? आणि जिथे वस्ती आधी होती, तार नंतर आली किंवा जुन्या तारेचा दाब नंतर वाढवला गेला, तिथे टीकाकारांचे उत्तर काय?

तार वरून न्यायची की जमिनीखालून, हाही असाच वर्गाचा आणि वर्णाचा प्रश्न आहे. वाड्यातल्या कुडूसपासून मुंबईच्या आरेपर्यंत 80 किलोमीटरची उच्चदाब वाहिनी आखली गेली. तिचा साधारण 50 किलोमीटरचा भाग जमिनीखालून आणि 30 किलोमीटरचा डोक्यावरून. शहराजवळ आली की तार जमिनीत शिरते, गावात आणि पाड्यात ती आभाळात असते. भूमिगत केबल कित्येक पटीने महाग असते, हे खरे. सगळीकडे ती परवडणार नाही, हेही खरे. मग कुठे परवडते आणि कुठे परवडत नाही, हे ठरवण्याचा निकष लोकांसमोर मांडा. जर्मनीत उत्तरेची पवनऊर्जा दक्षिणेला नेणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना लोकांनी विरोध केला, तेव्हा 2015 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून अशा वाहिन्यांसाठी भूमिगत केबलला प्राधान्य दिले. खर्च वाढला, वेळ गेला, त्यावर आजही तिथे वाद आहे. पण तो वाद उघड्यावर झाला. तिथे वाहिन्यांचा आराखडाच जनतेच्या हरकतींसाठी ठेवतात, कंपनी ठरायच्या आधी.

आपल्याकडे खारघर-विक्रोळीचे काम झाले ती वर्षे आठवा. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर 2025 संपेपर्यंत पालिकेत प्रशासक होता. नगरसेवक नाही, प्रभाग समिती नाही, सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नाही. शहरांसाठी 2009 मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद केली, गावाच्या ग्रामसभेसारखी मोहल्ल्याची सभा. ती कुठे भरलेली कोणी पाहिली असेल तर आम्हाला जरूर कळवावे.

आणखी एक हिशेब, जो फारसा कोणी सांगत नाही. राज्यातल्या पारेषण वाहिन्यांचा खर्च एकत्र करून तो सगळ्या वितरण कंपन्यांमध्ये त्यांच्या मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे मुंबईसाठी बांधलेल्या वाहिनीचा काही वाटा महावितरणच्या ग्राहकाच्या बिलातही येतो. जुईनगरच्या चाळीत राहणारा रिक्षावाला तो भरतो आणि गडचिरोलीच्या पाड्यावर एक दिवा लावणारी आदिवासी बाईही भरते. जो पैसा भरतो तो हितसंबंधित नाही काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती आजच्याच कायद्यांत बसते. आराखड्यात वाहिनीचे नाव आले की निविदेच्या आधीच पर्यायी मार्गांचे नकाशे मराठीत, वस्तीच्या आणि पाड्याच्या नावासह जाहीर करा. सर्व्हे नंबरच्या यादीतून आपले घर कोणाला सापडत नाही. सुनावणी कफ परेडला आयोगाच्या कार्यालयात किंवा संगणकाच्या पडद्यावर घेऊन भागणार नाही, ती तुर्भ्यात, दिघ्यात, कुडूसच्या बाजारात आणि सुट्टीच्या दिवशी घ्या. मजुराची एक दिवसाची हजेरी बुडवून कोणी हरकत नोंदवायला येत नाही. सर्वेक्षणात मालकांबरोबर कब्जेदार, कूळ, गायरानधारक आणि झोपडीधारक यांची नावे लिहा. पीक ज्याने पेरले त्याच्या हातात पिकाची भरपाई द्या. आणि जिथे घर हलवावेच लागेल, तिथे पर्यायी घराची चावी दिल्याशिवाय मनोऱ्याचा पाया खणू नका. भरपाईचे टक्के वाढवायला सरकारला नऊ वर्षे लागली, पण हे करायला तर पैसेही फारसे लागत नाहीत.

सरकार आपणहून हे करील असा भाबडेपणा आम्ही बाळगत नाही. म्हणून चळवळीतल्या तरुणांनी, वकिलांनी आणि विशेषतः वीजखात्यात, महापारेषण-महावितरणमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या अभियंत्यांनी आता पुढे आले पाहिजे. बाबासाहेबांच्या पुण्याईने ज्यांना तिथे खुर्ची मिळाली, त्यांना आराखड्याचा नकाशा वाचता येतो. त्यांनी रविवारचे दोन तास वस्तीतल्या बुद्धविहारात बसून तो समजावून सांगितला तर फार मोठे काम होईल. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हातात आहे. त्याखाली महापारेषणच्या माहिती अधिकाऱ्याला अर्ज करून आपल्या भागातून कोणती नवी वाहिनी प्रस्तावित आहे, कोणत्या वाहिनीचा दाब वाढणार आहे, किती पर्यायी मार्ग तपासले आणि ते का नाकारले, हे विचारता येते. अर्जाची फी दहा रुपये. जाहीर सूचना पेपरात आली की 30 दिवसांच्या आत हरकत द्यायची, तीत आपण कब्जेदार असल्याचे पुरावे जोडायचे: रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीतले नाव, गायरान असेल तर पीकपाहणीचे उतारे आणि दंडाच्या जुन्या पावत्या. या पावत्या आपल्याकडची म्हातारी माणसे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतात, त्यांना आधी विचारा. काम सुरू झाले आणि भरपाई नाकारली तर कलम 16 खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा आणि त्यात ‘हितसंबंधित व्यक्ती’ हेच शब्द वापरायचे.

जानेवारी 2026 च्या निवडणुकीने नवी मुंबईच्या पालिकेत पुन्हा नगरसेवक आले आहेत. पालिकेच्या हद्दीतून जाणाऱ्या प्रत्येक प्रस्तावित वीजवाहिनीचा नकाशा सभागृहाच्या पटलावर ठेवावा, अशी लेखी मागणी आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे या महिन्यातच द्यावी आणि त्याच्या प्रतीवर पोचपावतीचा शिक्का घ्यायला विसरू नये.